फॉरमॅट थांबवा, आधी रॅम तपासा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची अंबाजोगाईची, सध्या पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. राज्यसेवेचा अभ्यास करते आणि खर्चाला हातभार म्हणून भाषांतराची कामं घेते. त्यासाठी गेल्या महिन्यात तपकीर गल्लीच्या परिसरातून एक रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 256 जीबीची एसएसडी, विंडोज 11. मुळात 8 जीबी रॅम होती. दुकानदाराने माझ्यासमोर आणखी 8 जीबीची पट्टी टाकून 16 करून दिली. बिलावर हाताने ‘3 महिने वॉरंटी’ असं लिहिलंय. चौथ्या दिवसापासून तो मध्येच बंद पडायला लागला. काळा पडदा येतो, त्यावर पांढरी अक्षरं, आणि वाचेपर्यंत आपोआप रिस्टार्ट. मी मोबाइलवर फोटो काढले. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असं आलं होतं. लॅपटॉप एका हाताने उचलून कॉटवरून टेबलावर ठेवला की हमखास बंद पडतो. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला. दुसऱ्या वेळी मी तिथेच बसले होते. विंडोज टाकतानाच तो मध्ये अडकला, एरर आली, त्यांनी परत सुरू केलं तेव्हा पूर्ण झालं. आता ते म्हणतात, काळा पडदा म्हणजे डिस्प्लेचा प्रॉब्लेम, नाहीतर मदरबोर्ड, त्याचे वेगळे पैसे पडतील. ट्यूशनच्या पैशांतून साठवून घेतलेला लॅपटॉप आहे. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलांनाही वाचायला दिलं, कारण बिघाड कसा सांगावा हे त्यातून शिकण्यासारखं आहे. ‘चालत नाही’ एवढंच म्हणणारी माणसं रोज येतात. तू फोटो काढलेस, कधी बंद पडतो ते लिहिलंस, आणि एक वाक्य असं लिहिलंस की अर्धं निदान तिथेच झालं. ते वाक्य म्हणजे विंडोज टाकतानाच तो अडकला.

नीट विचार कर. फॉरमॅट मारताना जुनं विंडोज चालू नसतं. पेन ड्राइव्हवरून एक छोटं विंडोज रॅममध्ये, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीत, चढतं आणि तिथून पुढचं काम होतं. म्हणजे त्या क्षणी तुझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरस नव्हता, चुकीचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नव्हता, तू टाकलेला एकही प्रोग्रॅम नव्हता. तरीही तो अडकला. मग सॉफ्टवेअरला दोष द्यायला जागाच कुठे उरते? एक वेळ पेन ड्राइव्ह खराब होता म्हणता आलं असतं, पण नंतरही बंद पडणं थांबलं नाही. दोष हार्डवेअरमध्ये आहे, आणि फॉरमॅट शंभर वेळा मारला तरी तो जाणार नाही.

काळ्या पडद्याचंही सांगते, कारण त्यावरून बरेच जण घाबरतात. विंडोज कोसळलं की पूर्वी निळा पडदा यायचा. 2025 च्या उन्हाळ्यानंतरच्या अपडेटपासून विंडोज 11 मध्ये तोच पडदा काळा झाला. पडद्यावर नीट वाचता येणारी अक्षरं येताहेत म्हणजे डिस्प्ले धडधाकट आहे. खाली जे इंग्रजी नाव येतं त्याला स्टॉप कोड म्हणतात, आणि ते नाव म्हणजे लॅपटॉपने स्वतः दिलेली तक्रार आहे. ते वाचायला वेळ मिळावा म्हणून आपोआप होणारं रिस्टार्ट बंद करून ठेव: स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोध, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये जा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढ.

आता तुझे तीन कोड. दरवेळी एकच कोड आणि त्याखाली एकाच ड्रायव्हरच्या फाइलचं नाव येत असेल, तर मी आधी त्या ड्रायव्हरकडे बघते. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ येत असेल तर एसएसडीकडे, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्ककडे, बघते. तुझ्याकडे मात्र दरवेळी वेगळं नाव येतंय, आणि तिन्ही नावं मेमरीच्या अवतीभवती फिरताहेत. रॅममध्ये एखादी जागा खराब असली की तिथे त्या वेळी जे काही ठेवलेलं असतं ते बिघडतं. कधी विंडोजचा एखादा भाग, कधी ब्राउझर, कधी ड्रायव्हर. म्हणून कोड बदलत राहतात. त्यात दुकानात टाकलेली नवी पट्टी आणि उचलल्यावर बंद पडणं हे दोन धागे जोडले, की माझा पहिला संशय त्या पट्टीवर किंवा ती बसवण्यावर जातो.

पट्टी कशी बसते ते सांगते, म्हणजे दुकानात तुला बघता येईल. रॅमची पट्टी मदरबोर्डवरच्या खाचेत तिरकी सरकवायची असते, सोनेरी दातांची कड जवळपास पूर्ण आत गेलेली दिसेपर्यंत. मग वरून दाबायची. दोन्ही बाजूंच्या छोट्या पत्र्याच्या कड्या ‘टक्’ करून तिला पकडतात. घाईत एकच कडी बसते आणि दुसरी बाजू किंचित वर राहते. तेवढ्यावरही लॅपटॉप चालू होतो, विंडोज 16 जीबी दाखवतं, सगळं ठीक वाटतं. पण तू कोपऱ्याला धरून एका हाताने उचललास की लॅपटॉपच्या अंगाला हलकासा पीळ बसतो, पट्टीचा एखादा दात सुटतो, आणि पडदा येतो. सोनेरी दातांवर बोटाचा डाग किंवा काळसरपणा असेल तरी हेच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून परत बसवलं की असे लॅपटॉप वर्षानुवर्षं चालतात.

तू स्वतः उघडू नकोस. भीती म्हणून सांगत नाही. मागे दुकानाचा स्टिकर असेल आणि तो फाटला, तर ‘तुम्ही उघडलात’ म्हणून वॉरंटी नाकारायला त्यांना कारण मिळेल. दुकानात जा, सकाळी गर्दी नसताना जा, आणि एवढंच म्हण: ‘दादा, फॉरमॅट नको. नवी टाकलेली पट्टी काढा आणि जुन्या एका पट्टीवर मेमटेस्ट लावा. मी थांबते.’ हे वाक्य ऐकलं की समोरच्याला कळतं की तुला काय तपासायचं ते माहीत आहे. तपकीर गल्लीत प्रामाणिकपणे काम करणारे पुष्कळ आहेत. मदरबोर्डच्या मानाने पट्टी बदलणं त्यांनाही स्वस्तात पडतं.

मेमटेस्ट-86 हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालतो, विंडोजच्या बाहेर. त्याची फुकटची आवृत्ती चार फेऱ्या मारते आणि 16 जीबीला बरेच तास लागतात. त्यामुळे लॅपटॉप ठेवून यावं लागेल किंवा रात्री खोलीवर लावून झोपावं लागेल. लाल ओळीत एक जरी एरर दिसली तरी ती एररच. ‘एवढं चालतं’ असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. धडधाकट रॅमवर शून्य एरर येतात. विंडोजमध्येही एक तपासणी आहे: स्टार्टमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ शोध, रिस्टार्ट झाल्यावर एफ-1 दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवड. आज रात्री तू ती करून बघू शकतेस. त्यात दोष सापडला तर फोटो काढ, दुकानात दाखव. नाही सापडला तर मात्र रॅम निर्दोष ठरत नाही, कारण ही तपासणी बरेच दोष सोडून देते.

पट्ट्यांची अदलाबदल डोकं शांत ठेवून करायची असते. जुनी पट्टी एकटी, तिच्या मूळ खाचेत: टेस्ट स्वच्छ आली तर ती पट्टी आणि ती खाच दोन्ही बरी. मग त्याच खाचेत नवी पट्टी एकटी: एरर आली तर पट्टी खराब, बदलून घे. एरर नाही आली तर जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत घालायची. तिथे एरर आली तर खाच खराब, म्हणजे दोष खरोखर मदरबोर्डचा. आणि दोन्ही पट्ट्या एकेकट्या चालल्या पण एकत्र नाही, तर त्या दोघींचं एकमेकींशी जमत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या बहुतेक वेळा कमी वेगावर जुळवून घेतात, पण कधीकधी घेत नाहीत. तेव्हा सारखी जोडी मागायची.

खाच खराब निघाली तर ‘एका पट्टीवर चालवा, काही होत नाही’ असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. ते स्वीकारू नकोस. तू 16 जीबीचा लॅपटॉप म्हणून पैसे मोजलेत आणि वॉरंटी चालू आहे. दुसरा लॅपटॉप माग.

फॉरमॅटचा मला इतका राग का येतो तेही सांगते. लॅपटॉप कोसळला की विंडोज त्याची नोंद ठेवतं. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘मिनिडम्प’ नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक वेळची छोटी फाइल पडते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधलंस तर ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडतं, तिथे तारीखवार लाल फुल्या दिसतात. कुठल्या दिवशी, किती वाजता, कशामुळे, सगळं. फॉरमॅट मारला की हा सगळा पुरावा पुसला जातो, लॅपटॉप दोन दिवस कोरा करकरीत दिसतो, आणि वॉरंटीचा आठवडा निघून जातो. पुन्हा तेच. तीन महिन्यांची वॉरंटी अशीच संपते, आणि संपल्यानंतरच्या आठवड्यात मदरबोर्डचं बिल हातात पडतं. माझ्या टेबलावर असे लॅपटॉप येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पहिल्याच खेपेला पट्टी काढून बघितली असती तर त्या पोराचे पैसे वाचले असते. म्हणून रिलायबिलिटीच्या पानाचे फोटो आणि मिनिडम्पच्या फाइली आजच मोबाइलवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव.

लॅपटॉप दुकानात ठेवशील तेव्हा बिलाच्या मागे तारीख आणि तक्रार लिहून दुकानदाराची सही घे. परत घेताना पुन्हा तारीख लिही. आधीच्या दोन खेपांच्या तारखाही आठवून व्हॉट्सॲपवर त्यांना पाठव, ‘अमुक दिवशी फॉरमॅट करून दिलात, दोष तसाच आहे’ एवढंच. भांडायची गरज नाही, नोंद हवी. बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर नसेल तर तोही लिहून घे.

दुकानदाराने हात वर केले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, त्याला पैसे पडत नाहीत. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. वस्तू जुनी होती म्हणून हे हक्क जात नाहीत. पण माझा अंदाज, तुला तिथवर जावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र आजपासून पाळ. रॅम खराब असेल तर लॅपटॉप नुसता बंद पडत नाही, सेव्ह करताना फाइलही गुपचूप बिघडवू शकतो. भाषांतराचं काम तोपर्यंत मैत्रिणीच्या लॅपटॉपवर कर. नोट्स पेन ड्राइव्हवर घेतल्यावर त्या मोबाइलवर उघडून बघ, नुसती कॉपी झाली यावर समाधान मानू नकोस. लोकसेवा आयोगाचा अर्ज, फी, फोटो अपलोड, असलं काहीही या लॅपटॉपवर करायचं नाही, शेवटच्या तारखेला तर अजिबात नाही. आणि कुणी ‘बायॉस अपडेट करून बघू’ म्हणालं तर थांबव. बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम. त्याचं अपडेट होताना मध्येच बंद पडला तर आत्ता चालतोय तेवढाही चालणार नाही. बायॉस, ड्रायव्हर, हे सगळं रॅम स्वच्छ ठरल्यावर, आणि तेही लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून.

पट्टी बदलूनही कोसळलाच तर क्रिस्टल-डिस्क-इन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत बघ. ‘गुड’ऐवजी पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर त्याचाही फोटो काढून एसएसडी बदलून माग. मला कळव काय झालं ते.

प्रश्न : माझाही रिफर्बिश्ड लॅपटॉप बंद पडतो, पण पडदा-बिडदा काही येत नाही. व्हिडिओ कॉल चालू असताना पंख्याचा आवाज वाढतो आणि फट्कन अंधार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ असं दिसतं. पॉवर सप्लाय गेला का? (हडपसर)

उत्तर : ‘41’चा फोटो घेऊन खूप जण येतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट शटडाउन न होता बंद झाला. कारण त्यात नसतं. मात्र ती नोंद उघडून तपशिलात ‘बगचेक कोड’, म्हणजे कोसळण्याचं कारण सांगणारा आकडा, बघा. तो शून्य असेल तर विंडोजला तक्रार लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा उष्णतेमुळे लॅपटॉपने स्वतःच जीव वाचवला.

तुमच्या वर्णनावरून मला उष्णता वाटते. हे लॅपटॉप बहुतेक कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षं वापरून आलेले असतात. विकताना बाहेरून पुसून चकचकीत करतात. आतला पंखा कुणी उघडत नाही. पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, पण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा घट्ट थर बसलेला असतो, नमद्याच्या तुकड्यासारखा, चिमट्याने उचलला की अख्खा निघतो. पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि हवा बाहेरच जात नाही. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही वाळून तिची भुकटी झालेली असते. एचडब्ल्यू-इन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघा: साधा व्हिडिओ चालू असताना तापमान 95-100 अंशांपर्यंत चढत असेल तर सफाई आणि नवी पेस्ट करून घ्या. वॉरंटी असेल तर विकणाऱ्याकडूनच. तोवर लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नका.

सफाईनंतरही तसंच झालं तर चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवा, मग चार्जर लावून बघा. एकाच परिस्थितीत बंद पडत असेल तर दोष त्या बाजूला. सोबत मिळालेला चार्जर मूळ वॅटचा आहे ना, तेही बघा. 65 वॅटच्या लॅपटॉपला 45 वॅटचा चार्जर दिलेला मी पाहिलाय. आणि टचपॅड वर उचललेला वाटत असेल किंवा तळ टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दुकानात न्या.

प्रश्न : नातवासाठी बारा हजारांत सहाव्या पिढीचा लॅपटॉप मिळतोय, विंडोज 11 टाकून देतो म्हणतात. घ्यावा का? (चिंचवड, एक आजोबा)

उत्तर : आजोबा, विंडोज 11 ला इंटेलचा अगदी थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीवर ते टाकता येतं, पण पळवाटेने. पुढचे मोठे अपडेट आपोआप येतील याची खात्री नाही. आणि विंडोज 10 वरच ठेवावं म्हटलं, तर त्याची नियमित मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. थोडे पैसे वाढवून आठव्या पिढीचा घ्या. नातू विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली वापरायला तयार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हाच लॅपटॉप बरा चालेल, पण मग किंमत आणखी कमी करून मागा.

प्रश्न : घेतलेल्या लॅपटॉपला वायफाय जोडल्यावर कुठल्या तरी कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसचा ईमेल मागतात. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो. (वडगाव बुद्रुक)

उत्तर : जाणार नाही. तो लॅपटॉप त्या कंपनीच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेला आहे. नोंद लॅपटॉपच्या हार्डवेअरशी जोडलेली असते आणि ती सहसा ती कंपनीच काढू शकते. नेट न जोडता विंडोज टाकून देतील, चालेलही. पुढच्या वेळी रिसेट केलं की परत तेच. कंपनीने विकताना नोंद काढायची राहिली असेल किंवा लॅपटॉप चोरीचा असेल, तुम्हाला दुकानात बसून ते ठरवता येणार नाही. याच आठवड्यात परत करा, पैसे किंवा दुसरा लॅपटॉप घ्या, आणि दुसरा घेताना दुकानातच रिसेट मारून, तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून, पहिला पडदा कुठला येतो ते बघूनच पैसे द्या.